आधी तारे, मग भेग: जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्यांचे डाय कसे ओळखायचे

माझा पहिला कॅप्ड बस्ट हाफ डॉलर १८२७ सालचा, म्हणजे टोपी घातलेल्या लिबर्टीबाईचा अर्धपुतळा (बस्ट) असलेलं अर्ध्या डॉलरचं चांदीचं नाणं. भिंगाखाली धरल्या धरल्या कडेपासून ताऱ्यापर्यंत गेलेली एक बारीक रेघ दिसली आणि मी खूश, म्हटलं डायची, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या पोलादी ठशाची, भेग सापडली, आता हीच रेघ असलेला फोटो शोधायचा की व्हरायटी, म्हणजे नाणं कुठल्या दोन डायनी पाडलंय ते, मिळालीच. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. १८२७ च्या हाफ डॉलरच्या डायच्या जोड्या जवळपास पन्नास आहेत आणि त्यातल्या कितीतरींवर कुठे ना कुठे भेग आहे, त्यामुळे मला रोज नवीन "हीच ती" सापडायची. चौथ्या दिवशी दिव्याची जागा चुकून बदलली तेव्हा दिसलं की ती रेघ भेग नव्हतीच, साधा ओरखडा होता.

तर आता जे लिहितोय ते त्या तीन संध्याकाळींच्या भरपाईपोटी. मुद्दा एकच धरून ठेवा, डाय कुठला आहे हे तारे, आकडे आणि अक्षरांच्या जागा सांगतात, आणि भेग त्या डायचं वय सांगते. आधी ओळख पटवायची, मग वय बघायचं. उलटं केलं की माझ्यासारखं होतं.

हे सगळं शक्य का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. अमेरिकेची टांकसाळ १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात सुरू झाली आणि चांदीचे डॉलर १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा निघाले, १,७५८ नग. त्या काळात डाय बनवताना बाईचा चेहरा किंवा गरुड हा मोठा भाग एका पंचाने, म्हणजे तो आकार कोरलेल्या पोलादी दांड्याने, ठोकायचे, पण तारे एकेक, सालाचे आकडे एकेक, अक्षरं एकेक, सगळं हाताने हातोडीने. म्हणजे कारागीर कितीही तरबेज असला तरी दोन डाय सारखे होणं अशक्य, एखादा तारा जरा वर जातो, ८ जरा कलतो, "स्टेट्स" मधला टी शेजारच्या ए ला चिकटतो. पुढे पुढे जास्तीत जास्त डिझाइन एकाच हबवरून, म्हणजे उठावदार मूळ ठशावरून, डायवर उतरवायला लागले आणि हे फरक कमी होत गेले. म्हणून आपला खेळ मुख्यतः १७९४ ते १८३० च्या दशकापर्यंतचा. हाफ डॉलरच्या बाबतीत १८३६ ला सरळ रेघ मारता येते, कारण त्याच साली टांकसाळीत वाफेचा प्रेस आला आणि कडेवर अक्षरं असलेला जुना हाफ डॉलर जाऊन दातेरी कडेचा, आकाराने थोडा लहान असा नवा आला.

आता शब्दांचा गोंधळ मिटवू. समोरचा एक डाय आणि मागचा एक डाय, या जोडीला व्हरायटी म्हणायचं, बरेच जण मॅरेज म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे, कारण एक डाय दोन-तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर संसार करतो. त्याच जोडीने नाणी पाडता पाडता डाय झिजला, तडकला, घासला गेला, तर त्या प्रत्येक टप्प्याला डाय स्टेट म्हणायचं. हाफ डॉलरला ओव्हर्टनच्या यादीतले नंबर चालतात, दर साली १०१ पासून सुरुवात, आणि नंतरची अवस्था असेल तर पुढे ए, बी अशी अक्षरं. कॅप्ड बस्ट हाफ डॉलरच्या, म्हणजे १८०७ ते १८३६ च्या, अशा जोड्या साडेचारशेच्या आसपास आहेत. डॉलरला बोलेंडर किंवा बोवर्स-बोर्कार्ड नंबर, क्वार्टरला (पाव डॉलर) ब्राउनिंग, डाइमला (दहा सेंट) जेआर म्हणजे जॉन राइक यांच्या नावाने चालणारे नंबर, हाफ डाइमला (पाच सेंट) लोगन-मॅक्लॉस्की. कुणी नुसतं "एकशे सात आहे" म्हणालं तर आधी विचारा कशाचं आणि कुठल्या सालचं.

सामान फार लागत नाही. दहापट भिंग घ्या, पण खरं सांगायचं तर पहिली नजर पाचपटनेच टाका, कारण दहापटमध्ये एकावेळी एकच तारा दिसतो आणि आपल्याला तर तारे एकमेकांच्या तुलनेत बघायचेत. एक टेबललॅम्प, एकच, खोलीतले बाकीचे दिवे बंद. नाणं कडेने धरायचं, खाली मऊ कापड, आणि पुसायचं नाही, धुवायचं नाही, सोड्याचं तर नावही काढायचं नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा असला तर छान. फोनने फोटो काढत असाल तर नाणं सरळ सपाट ठेवून बरोब्बर वरून काढा, तिरक्या फोटोत ताऱ्यांच्या जागा सरकतात आणि मग तुम्ही नसलेली व्हरायटी शोधून काढता. झालंय असं.

आता प्रत्यक्ष काम. कॅप्ड बस्ट हाफ डॉलर धरून सांगतो कारण तो सगळ्यात जास्त सापडतो आणि त्याच्यावर हात बसला की बाकीचे जमतात.

समोरच्या बाजूला खाली डावीकडून तारे मोजायला सुरुवात करा, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत. डावीकडे सात, उजवीकडे सहा, एकूण तेरा. पहिला तारा बस्टच्या टोकापासून किती लांब, सातवा टोपीला किती चिकटून आहे, तेराव्याचं टोक केसांच्या खालच्या बटेकडे रोखलंय की तिच्याखाली जातंय. ताऱ्याचं बाहेरचं टोक कडेच्या दात्यावर बरोबर येतंय की दोन दात्यांच्या मधल्या फटीत, हे सगळ्यात भरवशाचं माप, कारण नाणं कितीही झिजलं तरी एवढं बहुतेक दिसतं. मग साल. १ आणि ८ मधलं अंतर, ८ आणि पुढच्या आकड्यातलं अंतर, कुठला आकडा वर चढलाय, कुठला खाली बसलाय. "वाइड डेट" आणि "क्लोज डेट" असले शब्द ऐकून घाबरू नका, दोन नाणी शेजारी ठेवली की लगेच कळतं, एकटं ठेवलं की कधीच कळत नाही.

एक गंमत जाता जाता. १८०७ पासून जी कॅप्ड बस्ट नाणी आली ती जॉन राइक या कारागिराची, आणि त्याच्या बऱ्याच डायवर तेराव्या ताऱ्याच्या बाहेरच्या टोकाला एक छोटीशी खाच दिसते. ती त्याची सही असं संग्राहक मानतात. तो १८१७ मध्ये टांकसाळ सोडून गेला. तुमच्याकडे त्या काळातलं बऱ्या अवस्थेतलं नाणं असेल तर बघा, व्हरायटी ठरवायला उपयोग कमी पण बघायला मजा येते.

आकड्यांवरून कधीकधी अर्धं काम होऊन जातं. १८०६ च्या हाफ डॉलरवर ६ चं टोक अणकुचीदार आहे की गोळीसारखं, त्यावरूनच दोन गट पडतात, आणि मग मागच्या बाजूला फांदीचा देठ गरुडाच्या पंजातून आरपार गेलाय की नाही ते बघायचं. १८२३ चा ३ तर वेगळाच तमाशा, तुटका ३, ठिगळ लावलेला ३ आणि कुरूप ३, ही खरोखरची चालू नावं आहेत. २ चा पाय सरळ की वळणाचा हे १८२० च्या दशकात वारंवार उपयोगी पडतं. आणि ओव्हरडेट असेल, म्हणजे जुन्या सालाच्या आकड्यावर नवा आकडा ठोकलेला, जसं १८१५ च्या हाफ डॉलरवर ५ खाली २, तर खालच्या आकड्याचे अवशेष वरच्या आकड्याच्या पोटात किंवा काठाला उठावदार दिसले पाहिजेत. नुसता डाग किंवा मार म्हणजे ओव्हरडेट नाही. १८१५ मध्ये हाफ डॉलरची एकच जोडी आहे, त्यामुळे ५ खाली २ नसलेला १८१५ कुणी देत असेल तर हात आखडता घ्या.

मागची बाजू जास्त बोलकी असते पण लोक तिकडे बघतच नाहीत. पट्टीवर "ई प्लुरिबस युनम" लिहिलेलं असतं, त्यातला आय हा वरच्या "स्टेट्स" च्या कुठल्या अक्षराच्या कुठल्या भागाखाली येतो ते बघा, मधोमध की डावीकडे की उजवीकडे. पट्टीची टोकं वरच्या कुठल्या अक्षरांखाली सुरू होतात आणि संपतात. खाली ५० सी, म्हणजे ५० सेंट, लिहिलंय त्यातले ५ आणि ० एका रेषेत आहेत का, सी किती लांब पडलाय. ढालीतल्या उभ्या पट्ट्यांमधल्या रेघा मोजा, आणि त्यातली एखादी वरच्या आडव्या रेघांमध्ये घुसलीय का, कितव्या रेघेपर्यंत घुसलीय, हे फार कामाचं आहे कारण ते त्या डायपुरतंच असतं. हे वाचताना डोकं फिरतं, मान्य. पण हातात नाणं घेऊन एकदा केलं की दुसऱ्यांदा पाच मिनिटं लागतात.

याच्या आधीच्या नाण्यांना खुणा वेगळ्या. १७९४-९५ च्या मोकळ्या केसांच्या, म्हणजे फ्लोइंग हेअर नाण्यांवर पंधरा तारे, आठ डावीकडे आणि सात उजवीकडे, आणि १७९५ च्या डॉलरवर गरुडाच्या प्रत्येक पंखाखाली पानं दोन की तीन हे पहिलं बघायचं. ड्रेप्ड बस्टच्या, म्हणजे खांद्यावर वस्त्र घेतलेल्या लिबर्टीच्या नाण्यांच्या, मागच्या मोठ्या गरुडावर डोक्याभोवतीचे तारे चोचीच्या आणि ढगांच्या तुलनेत कुठे आहेत, फांदीवर बेरी किती, बाण किती. १७९९ च्या डॉलरवर समोर बहुतेक सात आणि सहा तारे, पण एका डायवर कारागिराने डावीकडे आठ ठोकले आणि मग उजवीकडे पाचवर भागवलं. असली चूक दिसली की मला तो माणूस डोळ्यांसमोर येतो, आठवा ठोकून झाल्यावर कपाळावर हात मारणारा.

आणि १८१३ चा हाफ डॉलर. मागच्या डायवर कारागिराने देशाचं नाव लिहायला सुरुवात केली ती चुकीच्या जागी आणि उलट बाजूने, यू, एन, आय अशी तीन अक्षरं ठोकून झाल्यावर लक्षात आलं, मग ती जमेल तेवढी घासून त्यावरच ५० सी ठोकलं. त्या जोडीला १०१ नंबर आहे. चांगल्या नाण्यावर ५० सी च्या आजूबाजूला त्या तीन अक्षरांचे उभे दांडे उलटे दिसतात, आणि एकदा दिसले की मग दुसरं काही दिसत नाही. हाफ डाइममध्येही असे नमुने आहेत, १७९६ च्या एका डायवर "लिबर्टी" मधला बी असा अर्धवट उमटलाय की के वाटतो, आणि १८०० च्या एका डायवर तेच आर च्या बाबतीत. १८०० च्याच डॉलरवर "अमेरिका" च्या शेवटच्या ए नंतर आय सारखी एक उभी खूण आहे. हे सगळे डायचे जन्मखुणांसारखे, पहिल्या नाण्यापासून शेवटच्यापर्यंत राहणारे, म्हणून भेगांपेक्षा जास्त भरवशाचे.

आता या भेगांकडे.

डाय पोलादाचा. तो मऊ असताना त्यावर पंच ठोकायचे, मग तापवून पाण्यात बुडवून कडक करायचा. तेव्हाचं पोलाद एकसारखं नसायचं, आत ताण राहायचा, आणि मग स्क्रू प्रेसमध्ये हजारो ठोके. कुठेतरी तडा जातोच. तडा गेलेल्या डायने नाणं पाडलं की चांदी त्या तड्यात घुसते, म्हणून नाण्यावर भेग ही खड्डा नसून उठावदार रेघ असते. हे एवढं पक्कं डोक्यात बसवा, निम्म्या चुका इथेच टळतात.

भेग जाते कुठून? बहुतेक वेळा कडेपासून सुरू होते, आणि तारे, आकडे, अक्षरांचे माथे यांच्यातून पुढे सरकते. कारण साधं आहे, जिथे जिथे पंच ठोकलाय तिथे डायला खड्डा आहे आणि खड्ड्यांची अशी रांग म्हणजे टपाल तिकिटांच्या पानाला पाडलेली भोकं, फाटताना कागद तिथूनच फाटणार. "युनायटेड" च्या अक्षरांच्या डोक्यावरून जाणारी, सालाच्या पायथ्यातून जाणारी, ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत उड्या मारत जाणारी, अशा भेगा सतत दिसतात. मोकळ्या मैदानात मधेच सुरू होऊन मधेच संपणारी दणदणीत सरळ रेघ दिसली तर मी आधी संशय घेतो.

ओरखडा आणि भेग यातला फरक असा तपासा. दिवा डावीकडे अगदी खाली ठेवा, उजेड नाण्यावरून घसरत गेला पाहिजे. उठावदार रेघेची दिव्याकडची बाजू चमकते आणि पलीकडे सावली पडते. खोल ओरखड्यात उलटं, दिव्याकडच्या काठाला सावली आणि पलीकडची भिंत चमकते. शेजारच्या ताऱ्याशी तुलना करा, तारा उठावदार आहे हे आपल्याला माहीतच आहे, तारा जिकडून चमकतोय तिकडूनच रेघ चमकत असेल तर रेघही उठावदार. मग नाणं अर्धवट फिरवून परत बघा. रेघ दिव्याला समांतर झाली की गायब होते, म्हणून एकाच कोनातून निकाल द्यायचा नाही. दुसरी परीक्षा म्हणजे ओरखडा अक्षराच्या माथ्यावर घासतो आणि अक्षराच्या पायथ्याशी असलेला कोपरा चुकवून पुढे उडी मारतो, भेग मात्र कोपऱ्यातूनही जाते. झिजलेल्या नाण्यावर तर भेग त्या कोपऱ्यांतच शिल्लक राहते, केसांवरून आणि पंखांवरून कधीच पुसली गेलेली असते, त्यामुळे अक्षरांच्या मधल्या अडचणीच्या जागा आधी शोधा.

आणखी काही गोष्टी भेगेचं सोंग घेतात. काठावर किंवा मधोमध समांतर खोल रेघांचा जुडगा दिसला तर त्या कानशीच्या खुणा, चकतीचं वजन जास्त भरलं की टांकसाळीत ती घासून मापात आणायचे आणि मग नाणं पाडायचे, १७९० च्या दशकात हे फार. त्या खोल असतात, व्हरायटीशी संबंध शून्य. चकतीच मुळात चिरलेली असेल तर ती फट उघडी, आत गेलेली दिसते, कधी काठही फाटलेला असतो. बारीक बारीक उठावदार पुळ्या दिसल्या तर गंजलेला डाय. आणि कडेकडून ताऱ्यांच्या टोकांना ओढत नेणाऱ्या असंख्य बारीक रेषा, जणू ताऱ्यांना शेपट्या फुटल्यात, ती डाय थकल्याची खूण, चांदी वाहून वाहून डायला पडलेले ओघळ. भेग एकटी असते, ओघळ कळपाने असतात.

कडेला डायचा तुकडाच पडला की नाण्यावर तिथे गोळा उमटतो, त्यात ना दाते ना अक्षर, नुसतं सपाट फुगलेलं धातू, याला कड (cud) म्हणतात, पण आपली नाण्याची कड नव्हे, इंग्रजीतला शब्द, मराठीत नेमका घोळ होतो म्हणून मी गोळाच म्हणतो. १७९६ च्या डाइमच्या पहिल्या जोडीवर पहिल्या ताऱ्यापाशी काठाला असाच गोळा प्रसिद्ध आहे. तुकडा पूर्ण निघायच्या आधी तिथे अर्धगोल भेग दिसते, काठापासून निघून परत काठाला मिळणारी. तसली भेग बघितली की समजायचं, पुढच्या नाण्यांवर गोळा येणार.

भेगेच्या वयाचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे १८०७ चा हाफ डॉलर, मागे ५० मधल्या ५ खाली २ असलेला. त्यातल्या एका जोडीची समोरची डाय अशी तडकली की लिबर्टीबाईंच्या हनुवटीला दाढी आल्यासारखं दिसतं, संग्राहक तिला बियर्डेड गॉडेसच म्हणतात. ओव्हर्टनचा नंबर १११ बी. नंबरातला १११ जोडीचा, आणि बी म्हणजे नंतरची अवस्था, दाढी वयानुसार आली. आता समजा तुमच्या नाण्यावर बाकी सगळं १११ सारखं आहे पण दाढी नाही, तर तुमची जोडी चुकली असं नाही, नाणं तरुण आहे एवढंच. उलट दाढीसारखं काहीतरी आहे पण तारे जुळत नाहीत, तर ती दाढी नाही, मार लागलाय. भेग नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि भेग असण्यावरून तेव्हाच होतं जेव्हा बाकीचं आधी जुळलेलं असतं.

भेग बघताना ती कुठून कुठपर्यंत जाते ते शब्दात लिहून काढायची सवय लावा, "काठापासून सहाव्या ताऱ्याच्या आतल्या टोकापर्यंत, तिथून टोपीच्या माथ्याला" असं. कारण एकाच जोडीच्या दोन नाण्यांमध्ये भेग एकात ताऱ्यापर्यंत आणि दुसऱ्यात टोपीपर्यंत असेल तर दुसरं नंतर पडलं हे निश्चित, भेग वाढते, बुजत नाही. पण एक सावधगिरी, नाणं झिजलेलं असेल किंवा ठोका हलका पडला असेल तर मोठी भेगही छोटी दिसते. १७९४ च्या डॉलरचंच बघा, त्याला एकच जोडी, आणि डाय नीट समांतर नसल्यामुळे डावीकडचे तारे बऱ्याच नाण्यांवर कच्चे उमटलेत, ते झिजेने नव्हे. अशा कच्च्या भागातली भेग नाही दिसली म्हणून ती नव्हतीच असं म्हणता येत नाही.

भेगेच्या सोबतीला क्लॅशच्या खुणा बघा. प्रेसमध्ये चकती पडायची राहिली आणि दोन्ही डाय एकमेकांवर आदळले की समोरच्याची छाया मागच्यावर आणि मागच्याची समोरच्यावर उठते, आणि मग पुढच्या सगळ्या नाण्यांवर. हाफ डॉलरवर चेहऱ्यासमोर किंवा मानेमागे पंखाची कड किंवा ढालीच्या रेघा दिसतात, मागे गरुडाच्या भोवती बस्टची रेघ. वाकड्या, विनाकारण वाटणाऱ्या रेषा असतील तर मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये आरशासारखा उलटा करून समोरच्या फोटोवर अर्धपारदर्शक ठेवून फिरवून बघा, जुळल्या की कोडं सुटलं. टांकसाळीतले लोक या खुणा काढायला डाय घासायचे, आणि त्यात उथळ तपशील जायचे, बेरीचा देठ गेला, केसाची बट सुटी झाली, ताऱ्याची टोकं बारीक झाली. म्हणून "देठ नाही" हे कधी डायचं जन्मजात असतं आणि कधी घासल्यामुळे आलेलं. इथे भेग मदतीला येते, देठ नसलेल्या नाण्यावर भेग लांब असेल तर देठ घासून गेला असण्याची शक्यता जास्त.

डाय फेकून द्यायचे नाहीत त्या काळात, कारण बनवायला कष्ट. १८२२ च्या क्वार्टरच्या एका मागच्या डायवर कारागिराने चुकून ५० सी ठोकलं, मग त्यावर २५. तो डाय नंतर ठेवून दिला आणि १८२८ मध्ये परत वापरला, सहा वर्षांनी, तीच चूक घेऊन. दोन्ही सालांची नाणी शेजारी ठेवली तर एकच मागची बाजू. अजून भारी म्हणजे ड्रेप्ड बस्ट डाइम आणि अडीच डॉलरचं सोन्याचं नाणं यांचा आकार जवळपास सारखा आणि डाइमवर किंमत लिहिलेलीच नसायची, त्यामुळे काही मागचे डाय दोन्हीकडे वापरले गेले, चांदीवरही आणि सोन्यावरही. १८०४ चा चौदा ताऱ्यांचा मागचा डाय त्यातला प्रसिद्ध. मग तडा कुठल्या नाण्यावर लहान आणि कुठल्यावर मोठा ते बघून संग्राहकांनी कुठलं आधी पडलं याची साखळी लावलीय, सालाच्या आकड्यावर विश्वास न ठेवता. सालावर विश्वास ठेवायचा नाही हे खरंच आहे, १७९४ साल असलेले हाफ डाइम प्रत्यक्षात १७९५ मध्ये पाडलेत.

काही डायचं आयुष्यच छोटं. १८१७ चा हाफ डॉलर, ७ खाली ४ असलेला, जगात डझनभराच्या आसपास माहीत आहेत. त्याच सालचा दुसरा एक मजेशीर, १८१ आणि ७ च्या मधे ठिपका, डायवर पडलेल्या खड्ड्यामुळे पूर्णविरामासारखा, नंबर १०३. हा दुर्मिळांमध्ये मोडत नाही पण शोधायला सोपा, नवशिक्याने यानेच सुरुवात करावी असं माझं मत.

दुर्मिळतेसाठी आर-१ ते आर-८ असं माप चालतं. आर-१ म्हणजे हजाराच्या वर, आर-५ म्हणजे ३१ ते ७५ नाणी माहीत, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२, आर-८ म्हणजे १ ते ३. ही ज्ञात नाण्यांची संख्या, पाडलेल्या नाण्यांची नाही. आणि आर-६ सापडला असं वाटलं की आधी स्वतःवर संशय घ्या, नाण्यावर नंतर. माझे सगळे आर-६ दुसऱ्या दिवशी सकाळी आर-२ झालेत.

कडेवरची अक्षरं मात्र व्हरायटीत धरायची नाहीत, हाफ डॉलरवर "फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर" असं असतं, ते नाणं पाडायच्या आधी चकतीवर वेगळ्या यंत्राने उमटवायचे, त्यामुळे ती उलटी आहेत की सुलटी, कुठून सुरू होतात, हा निव्वळ योगायोग. पण वाचा जरूर, कारण नकली नाण्यांची पोल बरेचदा तिथेच खुलते. वजनही करा, १८३७ च्या आधीचा डॉलर २६.९६ ग्रॅम, हाफ १३.४८, क्वार्टर ६.७४, डाइम २.७०, हाफ डाइम १.३५, झिजेने थोडं कमी चालेल, जास्त असेल तर गडबड. आणि नकली ओळखायला ही सगळी डायविद्या भलतीच उपयोगी आहे, कारण नकली बनवणारा बहुतेक वेळा एका सालचा चेहरा आणि मिळेल तो गरुड जोडतो, जी जोडी फिलाडेल्फियात कधी लागलीच नाही. खऱ्या नाण्यावरून साचा काढला असेल तर त्या खऱ्या नाण्याचा मार, खरचटणं सुद्धा प्रत्येक नकलेवर त्याच जागी येतं, म्हणजे दोन वेगवेगळ्या नाण्यांवर गालाला तोच खड्डा दिसला तर दोन्ही सोडा. ओतीव नकलेवर भेगेच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या दिसतात.

सीलबंद डबीतल्या नाण्याच्या लेबलवर नंबर छापलेला असला तरी एकदा स्वतः तपासा. मी एकदा लेबल वाचून पैसे मोजले, घरी येऊन तारे बघितले तर तेरावा तारा भलतीकडे, नंबर शेजारच्या जोडीचा. परत घेतलं नाही कुणी, माझीच चूक, नाणं बघायच्या आधी लेबल बघितलं.

शेवटी प्रत्येक नाण्यासाठी एक छोटी चिठ्ठी करा. वरच्या ओळीत साल आणि प्रकार, मग समोरच्या दोन खुणा, मागच्या दोन खुणा, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत भेग आणि क्लॅश. नंबर पेन्सिलने लिहा. माझ्या त्या १८२७ च्या चिठ्ठीवर तो तीनदा खोडलाय, आणि भेगेच्या ओळीत अजून "नाही" असंच आहे.